गणेशखिंडीतला बंगला आणि नायगावची लेक

उंब्रजच्या स्टँडवरून पुण्याची एसटी धरली की नागठाणे, सातारा, पाचवड, भुईंज करत गाडी खंबाटकीच्या बोगद्यात शिरते. बोगदा संपला की खंडाळा तालुका लागतो. याच तालुक्यात हमरस्त्यापासून थोडं आत नायगाव आहे. आपण त्या बाजूनं कितीतरी वेळा गेलेलो असतो, पण बहुतेक वेळा डोळा लागलेला असतो, नाहीतर पुण्यात उतरल्यावरची कामं डोक्यात घोळत असतात. पुढं शिवाजीनगरला उतरून गणेशखिंड रस्त्यानं गेलं की विद्यापीठाचं फाटक येतं. त्यावर या नायगावच्या लेकीचं नाव आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ.

फाटकातून आत गेलं की झाडीपलीकडं एक भलीमोठी दगडी इमारत दिसते. कमानी, लांबच लांब व्हरांडे, मधोमध उंच मनोरा आणि पुढं हिरवळ. सगळे तिला नुसतं मुख्य इमारत म्हणतात. ही इमारत विद्यापीठासाठी बांधलेली नाही बरं का. इंग्रजांच्या काळात तो मुंबईच्या गव्हर्नरसाहेबाचा पावसाळी बंगला होता. थंडीत मुंबई, उन्हाळ्यात आपलं महाबळेश्वर आणि पाऊस लागला की पुणं, असा साहेबाचा वर्षाचा फेरा असायचा. सावित्रीबाई आयुष्यभर ज्या पुण्यात राबल्या, त्याच पुण्याच्या वेशीबाहेर हा बंगला उभा राहिला, त्यात दिवे लागले, मेजवान्या झडल्या. या बंगल्यावर एक दिवस शहरातल्या एका मास्तरणीचं नाव लागेल, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा. वडील खंडोजी नेवसे हे नायगावचे पाटील. घर खाऊनपिऊन सुखी, शेतीवाडीचं. लहानपणी शिरवळच्या बाजारात त्यांना एक पुस्तक मिळालं, वाचता येत नसतानाही त्यांनी ते जपून घरी आणलं आणि वडिलांनी ते भिरकावून दिलं, अशी आठवण सांगतात. मुलीच्या जातीनं पुस्तकाला हात लावायचा म्हणजे घराला कलंक, असा तो काळ. १८४० मध्ये लग्न झालं. नवरी नऊ वर्षांची, नवरदेव जोतीराव तेरा वर्षांचे. जोतीरावांचं घर पुण्याचं, फुलांच्या धंद्यामुळं फुले हे नाव पडलेलं. पण त्यांचं मूळ गावही आपल्याच जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं कटगुण. म्हणजे माहेरचं मूळही साताऱ्याचं आणि सासरचंही. हे आपल्याकडं अभिमानानं सांगितलं जातं आणि सांगायलाच हवं.

जोतीरावांची आई ते अगदी तान्हे असतानाच गेली होती. त्यांना वाढवलं सगुणाबाई क्षीरसागर या मावसबहिणीनं. त्यामुळं सावित्रीबाईंना सासू अशी नव्हतीच. सगुणाबाईंच्या सावलीत त्या वाढल्या आणि शेतातलं, घरातलं काम करता करता नवऱ्याकडं अक्षरं गिरवायला शिकल्या. पुढं अहमदनगरला मिस फरार यांच्याकडं आणि पुण्यात मिचेल बाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी शिकवण्याचं रीतसर शिक्षण घेतलं. लग्न होऊन आलेली सून शिकते काय आणि शिकवण्यासाठी परगावी जाते काय! आज डी.एड.ला मुलगी नगरला ठेवायची म्हटलं तरी घरात चार दिवस चर्चा होते.

१८४८ साल आलं. त्या वर्षी आपल्या साताऱ्याच्या गादीवरचे महाराज शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारले आणि इंग्रजांनी वारस नाकारून राज्य खालसा करायला घेतलं. तेव्हा साताऱ्याला कंपनीचा रेसिडेंट होता बार्टल फ्रेअर नावाचा तरुण इंग्रज अधिकारी. राज्य खालसा करू नये असं त्याचं मत होतं, पण ते वरच्यांनी ऐकलं नाही, आणि मग त्याच्याच हाती साताऱ्याचा कारभार दिला गेला. हे नाव लक्षात ठेवा, तो पुढं पुन्हा येणार आहे. साताऱ्यात ही उलथापालथ चालली असताना पुण्यात बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात जोतीरावांनी मुलींची शाळा काढली. शिकवायला सावित्रीबाई. वय वर्षं सतरा. शाळेत मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेला जाताना अंगावर शेण, चिखल पडायचा, म्हणून त्या पिशवीत दुसरं लुगडं घेऊन निघायच्या. हा प्रसंग आपण तिसरी-चौथीपासून भाषणांत ऐकत आलोय, इतका की तो आता अंगावरून जातो. पण जरा थांबून विचार करा. हे एका दिवसाचं नव्हतं. रोज शेण धुवायचं, लुगडं वाळत घालायचं, दुसऱ्या दिवशी तेच नेसून तोच रस्ता. आणि या कामाचा पगार नाही. गावातल्या एका टवाळानं वाकडं बोलावं आणि आपण आठ दिवस त्या गल्लीनं जायचं टाळावं, असं आपल्यातल्या कितीजणींनी केलं असेल. मीही केलंय.

घरातूनही विरोध झाला. लोकांच्या दडपणापुढं सासरे गोविंदराव नमले आणि १८४९ मध्ये या जोडप्याला घर सोडावं लागलं. त्यांना आसरा दिला उस्मान शेख यांनी. त्यांच्या घरातल्या फातिमा शेख सावित्रीबाईंच्या जोडीनं कामाला लागल्या. शाळा वाढल्या. महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा निघाल्या. १८५२ च्या नोव्हेंबरात पुण्यात विश्रामबाग वाड्यात सरकारनं शालजोडी देऊन जोतीरावांचा सत्कार केला. तीन वर्षांनी, १८५५ मध्ये, फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या कोवळ्या पोरीचा निबंध ज्ञानोदय नियतकालिकात छापून आला. आपल्या लोकांची दैना तिनं त्यात मांडली होती. शाळेनं काय केलं याचा मला यापेक्षा मोठा पुरावा वाटत नाही. सत्कार काय, होतात.

आता नायगावकडं परत येऊ. सावित्रीबाईंची तीन पत्रं आज आपल्यापर्यंत पोचली आहेत, तिन्ही जोतीरावांना लिहिलेली. त्यातलं पहिलं १८५६ च्या ऑक्टोबरातलं, नायगावहून. त्या आजारी पडून माहेरी गेल्या होत्या. भावानं मनापासून सेवा केली, आजारपण काढलं. आणि बरं वाटायला लागल्यावर त्यानंच विषय काढला. तुम्ही नवराबायको महारामांगांसाठी काम करता, त्यामुळं वाळीत पडलात, कुळाला बट्टा लागला, आता जातीची रूढी आणि भटांचं ऐकून नीट वागा, असा त्याचा सूर. ज्या भावानं तोंडात घास घातला, तोच असं बोलतोय. माहेरी आजारी असताना हे ऐकून घ्यायला किती जड जातं, ते बाईलाच कळतं. बहुतेक जणी डोळ्यांतून पाणी काढतील आणि गप्प बसतील.

सावित्रीबाई गप्प बसल्या नाहीत आणि भांडूनही उठल्या नाहीत. त्यांनी भावाला त्याच्या गोठ्यातलाच दाखला दिला. तू गाईला, शेळीला मायेनं कुरवाळतोस, नागपंचमीला सापाला दूध पाजतोस, मग तुझ्यासारख्याच माणसाचा तुला विटाळ कसा होतो, असा त्या बोलण्याचा मथितार्थ. भाऊ खजील झाला. हे सगळं त्या नवऱ्याला पत्रातून कळवतात आणि त्याच पत्रात, आपण इकडं अडकल्यामुळं तिकडं फातिमाला फार ओढाताण होत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशी काळजीही व्यक्त करतात. आजारपणातही शाळेत बदली कोण उभं आहे याचा घोर. माहेरपणाला आलेल्या नोकरदार बाईचं मन दीडशे वर्षांपूर्वी वेगळं नव्हतं, एवढंच.

दुसरं पत्र १८६८ चं, तेही नायगावचं. गणेश नावाचा एक ब्राह्मण मुलगा गावोगाव फिरून पोथी-पंचांग सांगायचा. त्याचं शारजा नावाच्या महार मुलीवर मन बसलं, ती गरोदर राहिली. गावाला कळल्यावर दोघांना बडवत, वाजतगाजत वेशीकडं नेऊन जिवे मारायचं ठरलं. सावित्रीबाईंना बातमी लागली तशा त्या धावत गेल्या. जमावापुढं उभ्या राहून इंग्रजी कायद्यात खुनाची शिक्षा काय असते त्याचा धाक घातला आणि दोघांचा जीव वाचवला. मग त्यांना पुण्याला जोतीरावांकडं पाठवून दिलं. लक्षात घ्या, हे त्यांचं माहेर. इथल्या प्रत्येक माणसाला त्या मामा, काका, दादा म्हणत असणार. आपल्या भागात आजही अशा जोडप्यांच्या बातम्या पेपरात येतात, आणि बहुतेक वेळा मध्ये धावणारं कुणी नसतं.

या दोन पत्रांच्या मधल्या काळात गणेशखिंडीत बंगल्याचा पाया पडला. तो बार्टल फ्रेअर आता सर बार्टल झाला होता आणि १८६२ पासून मुंबईचा गव्हर्नर होता. अमेरिकेत तेव्हा यादवी युद्ध पेटलेलं. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला आणि त्या भरात १८६४ मध्ये बंगल्याचं काम सुरू झालं. आराखडा जेम्स ट्रबशॉ नावाच्या इंग्रजाचा. पण पुढच्याच वर्षी अमेरिकेतलं युद्ध थांबलं, कापूस कोसळला, मुंबईतल्या पेढ्या बुडाल्या. बंगल्याचा खर्च मात्र वाढतच गेला. लाखो रुपये ओतून १८७१ मध्ये तो पुरा झाला आणि मुंबईचे गव्हर्नर किती उधळे आणि मनमानी करणारे आहेत याचा नमुना म्हणून विलायतेच्या पार्लमेंटात त्यावर टीका झाली. म्हणजे खुद्द इंग्रजांनाही तो डोईजड वाटला होता.

बंगला सुरू व्हायच्या आदल्या वर्षी, १८६३ मध्ये, फुले पतिपत्नींनी आपल्या घरात एक वेगळंच काम सुरू केलं होतं. त्या वेळी ब्राह्मण घरांत लहानपणी विधवा झालेल्या मुली कुणाच्या तरी वासनेला बळी पडायच्या. दिवस राहिले की आडात उडी, नाहीतर जन्मलेल्या बाळाचा गळा घोटायचा. काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेला बाळ मारल्याबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ते पाहून जोतीरावांनी घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावं, बाळाची काळजी आम्ही घेऊ, असे कागद शहरात लावले. कागद जोतीरावांनी लावले, पण बाळंतपणं कुणी काढली असतील? पाणी कुणी तापवलं, रात्री कोण जागलं, टाहो फोडणाऱ्या पोरीच्या तोंडावरून हात कुणी फिरवला? पुढच्या वीसेक वर्षांत पस्तीसेक जणी त्या घरात येऊन गेल्या. सावित्रीबाईंना स्वतःचं मूल नव्हतं. अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत. त्याला शिकवून डॉक्टर केलं. बाळंतपण करणारी बाई घरच्या माणसात गणली जाते, पण इतिहासात तिची ओळ शोधावी लागते.

१८७३ मध्ये जोतीरावांनी सत्यशोधक समाज काढला. १८७६ मध्ये पाऊस दगा देऊन गेला आणि मोठा दुष्काळ पडला. तिसरं पत्र याच दुष्काळातलं, १८७७ च्या एप्रिलमधलं, जुन्नर तालुक्यातल्या ओतूरहून. गुरं तडफडून मरतायत, माणसं गाव सोडून चाललीत, सावकार नाडतायत, असं चित्र त्यात आहे. दंगा केल्याचा आळ घेऊन सत्यशोधकांना पकडलं, तेव्हा सावित्रीबाईंनी थेट कलेक्टरपुढं बाजू मांडली. त्यानं माणसं सोडली आणि वर ज्वारीच्या गाड्याही पाठवल्या.

याच महिन्याच्या अखेरीला मुंबईला नवे गव्हर्नर आले, सर रिचर्ड टेंपल. दुष्काळी कामावरच्या मजुरांची मजुरी कापून, दिवसाला जेमतेम पौंडभर धान्य मिळेल इतकी खाली आणण्याचा सल्ला देणारे ते हेच साहेब. जुन्नरकडच्या गावांतून सावित्रीबाई धान्य गोळा करत होत्या आणि त्याच वर्षी गणेशखिंडीतल्या त्या नव्याकोऱ्या बंगल्यात टेंपलसाहेब राहायला आले. दोघांत अंतर फार तर एका दिवसाच्या प्रवासाचं.

२८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. आपल्याला दहन न करता घरच्या अंगणात मिठात पुरावं अशी त्यांची इच्छा होती, पण म्युनिसिपालटीनं परवानगी दिली नाही. अंत्ययात्रा निघायच्या वेळी भाऊबंदांनी वाद काढला. दत्तक मुलाला टिटवं धरायचा हक्क नाही, तो आमचा, असं त्यांचं म्हणणं. टिटवं म्हणजे अंत्ययात्रेपुढं धरायचं मडकं, आणि ते धरेल तो वारस. आपल्याकडच्या भाऊबंदकीला मढ्याचाही मुलाहिजा नसतो, हे काही नव्यानं सांगायला नको. सावित्रीबाई पुढं झाल्या, टिटवं स्वतःच्या हातात घेतलं, पुढं चालल्या आणि नवऱ्याला अग्नी दिला. साल १८९०. आजसुद्धा एखाद्या मुलीनं किंवा पत्नीनं अग्नी दिला की आपल्या गावातल्या पेपरला फोटोसह बातमी येते. त्या दिवशी त्यांच्यासोबत बाया किती होत्या कुणास ठाऊक. अस्थी त्यांनी घरी आणल्या आणि जोतीरावांनी खणून ठेवलेल्या जागी ठेवल्या.

नवरा गेल्यावर त्या घरात बसल्या नाहीत. १८९३ मध्ये सासवडला सत्यशोधक समाजाची परिषद भरली तिच्या अध्यक्ष सावित्रीबाई होत्या.

मग प्लेग आला. १८९६ मध्ये मुंबईत, आणि वर्षअखेरीला पुण्यात. घरं ओस पडायला लागली, पोटची माणसं आजाऱ्याला टाकून पळायला लागली. करोनाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत आपण जे पाहिलं, त्यावरून थोडी कल्पना यावी. यशवंत डॉक्टर म्हणून लष्करात नोकरीला होता. सावित्रीबाईंनी त्याला बोलावून घेतलं आणि हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना थाटला. स्वतः घरोघर फिरून रोगी तिथं आणायच्या. वय सहासष्ट. मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाडांच्या पोराला प्लेग झाल्याचं कळलं. त्यांनी त्याला पाठुंगळी मारलं आणि दवाखान्यापर्यंत चालत आणलं. त्यातच त्यांना प्लेग लागला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

त्यानंतर काही दिवसांतच, मार्चच्या मध्यावर, वॉल्टर रँडच्या हुकमानं गोरे सोजीर घराघरांत शिरून प्लेगचे रोगी शोधायला लागले. देवघरापर्यंत बूट गेले, बायकांना रस्त्यावर उभं करून तपासलं. पुणं संतापानं पेटलं. २२ जून १८९७ ला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून समारंभ ठरला, आणि तो झाला कुठं, तर याच गणेशखिंडीतल्या बंगल्यात. गव्हर्नर होते लॉर्ड सँडहर्स्ट. रोषणाई झाली, टेकड्यांवर जाळ पेटले. मेजवानी आटोपून घोडागाड्या परत निघाल्या, तेव्हा गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर आणि आयर्स्टवर गोळ्या झाडल्या. यावर सिनेमा निघाला, शाळेच्या पुस्तकात धडा आला, पोरं ती तारीख पाठ करतात. त्याच प्लेगात साडेतीन महिन्यांपूर्वी पाठीवर पोर घेऊन चालत आलेल्या म्हातारीचं मरण मात्र कितीतरी वर्षं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मला वाटतं, चाफेकरांची गोष्ट लोकांनी लक्षात ठेवली यात चूक काहीच नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच सालातल्या, एकाच रोगातल्या आहेत, हे मला तरी शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

मागं राहिलेल्यांचं काय झालं, तेही सांगायला हवं, कारण जयंतीच्या भाषणात ते येत नाही. यशवंतही पुढं १९०५ मध्ये प्लेगच्याच रोग्यांची सेवा करताना गेला. त्याची बायको चंद्रभागा आणि लहान मुलगी उघड्यावर पडल्या. पुण्यातल्या गंज पेठेतलं फुल्यांचं राहतं घर १९१० मध्ये शंभर रुपयांना विकावं लागलं. ज्या घराच्या हौदावर १८६८ मध्ये अस्पृश्यांना पाणी खुलं केलं, जिथं परक्या बायकांची बाळंतपणं निघाली, त्या घराची ही किंमत. अण्णा-तात्या म्हणणारे किती लोक त्या घरात जेवून गेले असतील, पण सुनेच्या वाट्याला कुणी आलं नाही.

देश स्वतंत्र झाल्यावर मुंबई सरकारनं पुण्याला विद्यापीठ द्यायचं ठरवलं. १० फेब्रुवारी १९४९ ला पुणे विद्यापीठ स्थापन झालं, पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. सुरुवातीचे काही महिने कारभार भांडारकर संस्थेच्या आवारातल्या निजाम गेस्ट हाउसमधून चालला. मग सरकारनं गणेशखिंडीची चारशे एकरांवरची जागा आणि बंगला विद्यापीठाला देऊन टाकला. जिथं गव्हर्नरच्या नाचगाण्याच्या मैफली व्हायच्या, तिथं पदव्यांचे कागद तयार व्हायला लागले. तेव्हा आपला सातारा जिल्हाही याच विद्यापीठाखाली होता. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ निघालं आणि आपल्या कराड-उंब्रजकडची कॉलेजं तिकडं गेली. त्यामुळं गंमत अशी झालीय की सावित्रीबाई आपल्या जिल्ह्याच्या, पण आपल्या मुलींच्या पदवीवर त्यांचं विद्यापीठ नसतं. प्राध्यापक व्हायला सेट परीक्षा देणाऱ्या मुलींचा मात्र संबंध येतो, कारण ती परीक्षा हेच विद्यापीठ घेतं.

सावित्रीबाईंचं नाव सावकाश वर आलं. गारगोटीच्या डॉ. मा. गो. माळी यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यांची पत्रं, कविता, चरित्र शोधून लोकांपुढं ठेवलं. होय, त्या कविताही लिहायच्या. त्यांचा काव्यफुले हा संग्रह १८५४ मध्येच छापला गेला होता. १९९८ मध्ये १० मार्चला, त्यांच्या स्मृतिदिनी, टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं. विद्यापीठाला त्यांचं नाव द्या ही मागणी बरीच वर्षं चालली आणि ९ ऑगस्ट २०१४ ला नाव बदललं. २०२२ च्या फेब्रुवारीत मुख्य इमारतीच्या आवारात त्यांचा पूर्णाकृती पुतळा उभा राहिला.

आणि ज्या भिडे वाड्यात त्यांनी पहिला धडा दिला, तो? तो मोडकळीला येऊन कितीतरी वर्षं कोर्टाच्या वादात अडकून पडला होता. निकाल लागल्यावर २०२३ च्या डिसेंबरात महापालिकेनं तो पाडला. जागेवर राष्ट्रीय स्मारक करायचं ठरलं आहे. गंज पेठेतलं ते शंभर रुपयांना गेलेलं घर मात्र सरकारनं पुढं ताब्यात घेऊन जपलं. महात्मा फुले वाडा म्हणून ते आता सगळ्यांना बघायला खुलं आहे. आत अंगण आहे, अंगणात जोतीरावांची समाधी आहे आणि जिथं विहीर आणि हौद होता ती जागाही दाखवतात. पुण्याला कुणाच्या लग्नाला, दवाखान्याला किंवा पोरीच्या परीक्षेला गेलात तर तिथं अर्धा तास काढा. स्वारगेटहून ते लांब नाही.